ओटीचा पुडा आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कोणाचा तरी छोटा धंदा असतो. पापड, शिलाई, मेस, शिकवणी, नाहीतर आपल्या तुळजापुरात असतो तसा देवीच्या सामानाचा. आणि पोरगी इंजिनिअरिंगला गेली की घरचे एक वाक्य हमखास ऐकवतात, "तू कम्प्युटरचं शिकायलीस ना, मग आपल्या हिशेबाला काहीतरी बसवून दे की!" मला हे वाक्य २०२४ च्या जूनमध्ये आत्याने ऐकवलं. फर्स्ट इयर नुकतंच संपलं होतं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा समज होता. त्यानंतर जे शिकले त्यातलं निम्मं चुकून शिकले. तुमचा वेळ वाचावा म्हणून लिहिते.

आत्याचा धंदा घरातच चालतो. बाहेरच्या खोलीत ती आणि शेजारच्या दोघी ओटीचे पुडे भरतात. खण, नारळ, हळद, कुंकू, काचेच्या बांगड्या. शिवाय कवड्यांच्या माळा ओवतात. माल जातो मंदिराच्या रस्त्यावरच्या सात-आठ दुकानांत, आणि थोडा थेट ओळखीच्या भाविकांकडे. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडली तर विक्री बेताचीच. पण अश्विनातलं नवरात्र आणि त्यानंतरची पौर्णिमा म्हणजे वर्षभराची कमाई! अडचण अशी की माल नवरात्राच्या आधी भरून ठेवावा लागतो आणि पैसे नंतर येतात. म्हणून दोन लाखांचं मुद्रा कर्ज काढायचं तिने ठरवलं. ५० हजारांच्या वर आणि ५ लाखांपर्यंत असल्याने ते 'किशोर' गटात बसतं, तारणही लागत नाही. बँकेतल्या साहेबांनी नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "वर्षभराची विक्री किती? दाखवा कुठं लिहिलेली आहे ती."

आत्याने वही पुढे केली. साहेबांनी दोन पानं उलटली आणि वही परत दिली.

माझी पहिली चूक अशी की मी सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली. धंद्यापासून नाही. हॉस्टेलमध्ये फिरणाऱ्या एका पेन ड्राइव्हवरून एका मोठ्या अकाउंटिंग पॅकेजची क्रॅक कॉपी मिळाली, ती माझ्या लॅपटॉपवर टाकली. पहिल्याच दिवशी त्याने मला लेजर, स्टॉक ग्रुप, युनिट, गोडाउन असे प्रश्न विचारले. गोडाउन म्हणजे आत्याचा पलंग, त्याच्या खाली नारळाची पोती असतात! तेवढं निभावलं. मग त्याने विचारलं, ओटीच्या पुड्याचा एचएसएन कोड काय?

इथे मी दोन दिवस अडकले, आणि खरं सांगायचं तर ते दोन दिवस मजेत गेले. पुड्यातलं कुंकू जीएसटीत करमुक्त. काचेच्या बांगड्या करमुक्त. नारळ करमुक्त. पण हळद पूड ५ टक्के आणि खणाचं कापड ५ टक्के. मग पाचही वस्तू एका पुड्यात घालून एकाच किमतीला विकल्या तर कर किती? २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ८ यावर बोलतं. वेगवेगळ्या वस्तू नुसत्या एकत्र बांधून एका किमतीत दिल्या असतील तर तो 'मिश्र पुरवठा', आणि त्यातल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा दर सगळ्या पुड्याला लागतो. म्हणजे खणामुळे नारळावरही ५ टक्के. पण त्या वस्तू व्यवहारात स्वाभाविकपणे एकत्रच येत असतील तर तो 'संयुक्त पुरवठा', आणि मग त्यातल्या मुख्य वस्तूचा दर लागतो. आता मला सांगा, तुळजापुरात खण आणि नारळ स्वाभाविकपणे एकत्र येतात की नाही? आणि आले तर मुख्य कोण? आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मुख्य देवी. तू कोड टाक."

गंमत अशी की हा सगळा वाद आम्हाला लागूच नव्हता. फक्त मालाची विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. ही मर्यादा एप्रिल २०१९ पासून आहे. सेवा देणाऱ्यांसाठी ती २० लाख आहे, म्हणजे शिकवणी किंवा डीटीपीवाल्यांनी तो आकडा लक्षात ठेवावा. आत्याची उलाढाल ९ लाखांच्या आसपास. म्हणजे ज्या जीएसटी बिलिंगची जाहिरात बघून मी ते पॅकेज निवडलं, त्या भागाचा तिला काडीचाही उपयोग नव्हता. पैसे देऊन घेतलं असतं तर वीस हजारांच्या वर गेले असते.

मात्र एक खड्डा आहे आणि तो घरगुती धंदेवाल्यांना कोणी सांगत नाही. करपात्र माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकला, तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी करावी लागते. कलम २४. आपल्याकडे कर्नाटक आणि तेलंगणातून किती भाविक येतात ते पौर्णिमेला बसस्टँडवर उभं राहिलं की कळतं. कलबुर्गीच्या एका बाईंनी आत्याला पन्नास पुडे कुरिअरने पाठवायला सांगितलं होतं. मी तर त्या आनंदात मोबाइलवरच्या एका ॲपमधलं 'ऑनलाइन दुकान उघडा' हे बटण दाबायला निघाले होते! ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यातून सवलत आहे, पण नारळ-हळदीचा पुडा ही काही हस्तकला नव्हे. नुसतं कुंकू पाठवलं असतं तर चाललं असतं, कारण ते करमुक्त. शेवटी त्या बाईंना आत्याने सांगितलं, येत्या पौर्णिमेला दर्शनाला आलात की घेऊन जा. नोंदणी करण्यात गैर काही नाही. पण ती विचार करून करावी, बटण दाबून होऊ नये, कारण त्यानंतर विक्री असो वा नसो, विवरणपत्रं भरत बसावं लागतं.

मग राहिला आयकर. इथे मला खरा धक्का बसला. छोट्या धंद्यासाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. जुन्या १९६१ च्या कायद्यातलं ते प्रसिद्ध कलम ४४एडी. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही सोय ठेवली आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर जमाखर्चाची सविस्तर पुस्तकं न ठेवता, रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरायचा. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. आत्याचं २०२४-२५ सालचं गणित बघा. रोख विक्री ५,२०,००० रुपये, त्याचे ८ टक्के ४१,६००. यूपीआयने ३,८०,०००, त्याचे ६ टक्के २२,८००. किमान धरायचा नफा ६४,४०० रुपये. त्या वर्षी नव्या करप्रणालीत पहिल्या ३ लाखांवर कर नव्हता, २०२५-२६ साठी ती मर्यादा ४ लाख झाली. तिचा खरा नफा याच्या अडीच-तीन पट आहे, तो धरला तरी कर शून्य.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कराच्या कामासाठी आत्याला फक्त दोन बेरजा हव्या होत्या, रोख किती आणि यूपीआय किती. त्याला टॅक्स सॉफ्टवेअर कशाला? विवरणपत्र आयकर खात्याच्या पोर्टलवर फुकट भरता येतं, आयटीआर-४ म्हणजे 'सुगम' हा फॉर्म याचसाठी आहे. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिच्यासाठी कोणी पाचशे रुपये मागितले तर समजून जा. पण एक सांभाळा. ६४,४०० नफा दाखवायचा आणि बँकेत जाऊन दोन लाखांचं कर्ज मागायचं, हे जमत नाही. बँक विचारणारच की हप्ता कशातून भरणार? म्हणून खरा नफा माहीत हवा, आणि तो माहीत व्हायला रोजच्या नोंदी हव्यात. कर वेगळा, धंदा वेगळा. मी या दोघांसाठी एकच सॉफ्टवेअर शोधत होते, तिथेच माझं चुकत होतं.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येते. ती सांगायची लाज वाटते, पण कॉन्व्हेंटमधले बरेच जण हसून मान डोलावतील. आत्या वहीतून वाचायची आणि मी टाइप करायची. ती म्हणाली "एकोणऐंशी पुडे", मी टाकले ८९. मला ऐंशी कळतं, पण एकोण म्हटलं की माझा मेंदू पुढे जातो, मागे येत नाही! महिनाअखेरीला एका दुकानदार काकांच्या नावावर दहा पुडे जास्त निघाले, साठ रुपयांप्रमाणे सहाशे रुपये. मी प्रिंट घेऊन गेले, ऐटीत. काका म्हणाले, "बाळ, बारा वर्षं झाली, तुझ्या आत्याचं आणि माझं कधी एका रुपयावरून झालं नाही." आत्याने वही उघडली. वहीत ७९ होतं. मी खाली बघत राहिले. काका चहा पाजून मोकळे झाले, पण पुढचे पंधरा दिवस आत्या प्रत्येक दुकानात वही घेऊनच जायची. सहाशे रुपयांचं काही नाही, पण बारा वर्षांच्या शब्दाला माझ्या प्रिंटने ओरखडा काढला होता.

आणि सप्टेंबरात लॅपटॉप बसला. क्रॅक कॉपीबरोबर काय काय आलं होतं देव जाणे. सगळ्या फायली लॉक, तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. बॅकअप? तो आपण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहितो, घेत नाही. आत्या एवढंच म्हणाली, "वही भिजली तरी वाळवता येती गं." नवरात्र ३ ऑक्टोबरला होतं. कर्ज त्या वर्षी झालं नाही. तिने उसनवारी करून माल भरला, तोही निम्मा.

त्यानंतर मी शहाण्यासारखं एक काम केलं. आधी तिची वही वाचायला शिकले. तिच्याकडे खरं तर दोन वह्या होत्या. एकीत रोजची विक्री आणि खर्च तारखेने, दुसरीत दुकानागणिक पान. जुने लोक याला कीर्द आणि खतावणी म्हणतात. मी ज्याला जर्नल आणि लेजर म्हणून मिरवत होते तेच! शिवाय तिच्या वहीत 'जां' अशी एक खूण होती. जां म्हणजे जांगड. दुकानदाराला पन्नास पुडे दिले, विकले गेले तेवढ्याचे पैसे, उरले ते परत. माल गेला म्हणजे विक्री झाली असं नाही. माझ्या पॅकेजमध्ये मी माल गेला की बिल फाडत होते, म्हणून विक्री फुगलेली दिसत होती आणि परत आलेल्या मालाचा घोळ होत होता. पॅकेजची यात चूक नाही. त्यात जांगडीची सोय करता आली असती, पण मला जांगडच ठाऊक नव्हती.

मग एकेक पर्याय तिच्यासमोर फोनवर आणि लॅपटॉपवर ठेवून बघितले. टॅलीबद्दल आधी सांगते, कारण आपल्याकडे हिशेब म्हणजे टॅली. त्याचा जन्म असाच घरच्या गरजेतून झाला. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्यासाठी मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, ते लिहायला लावलं. २०२० मध्ये त्या मुलाला पद्मश्री मिळाली. (आत्याला हे सांगितलं, तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही.) टॅली भक्कम आहे. ज्याची जीएसटी नोंदणी आहे, माल बराच आहे, मुनीम किंवा सीए आहे, त्याने तेच घ्यावं, आणि पैसे देऊन घ्यावं. शिकण्यासाठी त्याची एज्युकेशनल आवृत्ती फुकट मिळते, पण त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना नोंदी करता येतात. म्हणजे त्यावर धंदा चालवायचा विचार सोडा. कॉमर्सच्या मैत्रिणीकडे हट्ट करून शिकून मात्र घ्या, नोकरीत उपयोग होतो.

खाताबुकसारखी उधारीची ॲप मोबाइलवर चालतात, मराठीत आहेत, आणि कल्पना अगदी आत्याच्या दुसऱ्या वहीसारखी आहे, दिले आणि मिळाले. आठ दिवस तिने वापरलं. पण थकबाकीची आठवण मेसेजने पाठवायची सोय तिला पटली नाही. "रोज दारावरून जाणारा माणूस, त्याला मेसेज पाठवू होय?" ज्यांची गिऱ्हाइकं अनोळखी आहेत त्यांना तीच सोय सोन्यासारखी वाटेल. व्यापारसारखी बिलिंगची ॲप रोज पन्नास पावत्या फाडणाऱ्यांसाठी चांगली. आत्या पावत्या फाडतच नाही. ग्नूकॅश हे मोफत आणि मुक्त आहे, दुहेरी नोंदीचं शुद्ध शास्त्र, मला स्वतःला फार आवडलं. आत्याने पाच मिनिटांत फोन मागितला आणि यूट्यूब लावलं.

राहिली स्प्रेडशीट. लिबरऑफिस कॅल्क घ्या नाहीतर गूगल शीट्स, दोन्ही फुकट. आम्ही गूगल शीट्स घेतलं, कारण ते तिच्या फोनवर उघडतं आणि माझ्या लॅपटॉपचं काहीही झालं तरी राहतं. रकाने सगळे मराठीत. तारीख, तिथी, दुकान, दिले, परत आले, विकले, रोख, यूपीआय, बाकी. 'विकले' हा आकडा दुकानदाराशी हिशेब झाल्याशिवाय भरायचाच नाही, म्हणजे जांगड आपोआप वेगळी राहते. खर्चाचं पान निराळं. बाकी आणि महिन्याच्या बेरजा सूत्राने येतात. आकडे आता आत्या स्वतः टाकते, मी नाही! वहीसुद्धा चालू आहे, आणि रविवारी दोन्ही ताडून बघायच्या असा नियम आहे. महिन्यातून एकदा शीट उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवते, नव्या, कोऱ्या पेन ड्राइव्हवर. यूपीआयसाठी धंद्याचं बँक खाते वेगळं काढलं, हे तर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडलं. आधी मामांचा पगार, गॅसचा परतावा आणि पुड्यांचे पैसे सगळे एकाच खात्यात पोहत होते.

तिथीचा रकाना आत्याने घालायला लावला. मी म्हटलं, तारीख आहे ना? ती म्हणाली, राहू दे. त्याचं उत्तर मला २०२५ च्या सप्टेंबरअखेर मिळालं. ऑक्टोबर २०२४ पासून बारा महिने पूर्ण झाले होते. बेरीज केली तर ११ लाख ४० हजार! मी नाचतच हॉस्टेलवरून तिच्याकडे गेले. तिने तिथीच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात घट किती वेळा बसले?" दोनदा. २०२४ ची घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि २०२५ ची २२ सप्टेंबरला. (योगायोग म्हणजे जीएसटीचे नवे दर लागू झाले तोही हाच दिवस.) माझ्या बारा इंग्रजी महिन्यांत एक पूर्ण नवरात्र आणि दुसऱ्याचा बहुतेक भाग, असे दोन हंगाम आले होते. हाच आकडा बँकेत नेला असता तर पुढच्या वर्षी विक्री पडल्यासारखी दिसली असती आणि खोटं बोलल्याचा ठपका आला असता. सॉफ्टवेअरचे सगळे अहवाल इंग्रजी महिन्यांनी चालतात. गेल्या वर्षीचा सप्टेंबर आणि यंदाचा सप्टेंबर शेजारी ठेवून आलेख काढतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने घटस्थापना ११ ऑक्टोबरला, म्हणजे सप्टेंबर २०२६ पुन्हा कोरडा. तुळजापुरात ज्याचा धंदा आहे त्याने अश्विनाची तुलना अश्विनाशी करावी. नाहीतर एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष धरावं, त्यात शारदीय नवरात्र एकदाच येतं.

आम्ही एप्रिल ते मार्चचा आकडा नेला, ९ लाख. सप्टेंबर २०२४ पर्यंतचे महिने वहीवरून, पुढचे शीटवरून. सोबत विवरणपत्र, उद्यम प्रमाणपत्र आणि धंद्याच्या खात्याचा उतारा. दोन लाख मागितले होते, सव्वा लाख मंजूर झाले. साहेबांनी प्रिंट बराच वेळ वाचली. मग पेनने एका रकान्यावर टिचकी मारून विचारलं, "ही तिथी कशाला?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "सांगते, बसा. तुमचा सप्टेंबर हलत नाही, आमचं नवरात्र हलतं."